पोट, पहाट आणि आडोसा

आजचा विषय वाचून घरातली तरुण मंडळी नाक मुरडतील आणि माझ्या वयाची मंडळी खुर्ची पुढे ओढतील, याची मला खात्री आहे. विषय आहे बद्धकोष्ठाचा. चारचौघांत बोलायचा नाही असा हा विषय. पण साठी ओलांडलेली चार माणसे एकत्र बसली की पाचव्या मिनिटाला गाडी तिथेच येऊन थांबते. कोणी इसबगोल घेतो, कोणी त्रिफळा, कोणी पहाटे तांब्याभर पाणी, तर कोणाची होमिओपॅथी चालू असते. प्रत्येकाचा उपाय रामबाण आणि तरीही प्रत्येकाची तक्रार कायम!

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे कुठल्याही प्रश्नाला "आधी काय होतं?" असे विचारायची खोड लागली आहे. पोटाच्या या तक्रारीचाही इतिहास आहे, आणि तो आपल्या नांदेड-लातूरकडे चांगलाच रंगीत आहे. तो लिहावा असे बरेच दिवस मनात होते.

सुरुवात शब्दांपासून करू. बद्धकोष्ठ आणि मलावरोध हे संस्कृतातले शब्द, पुस्तकातले. गावात लोक म्हणत, "पोट साफ व्हईना" किंवा "कोठा जड झालाय." मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे उर्दूतला 'कब्ज' हा शब्दही आमच्याकडे सर्रास चाले. कब्ज म्हणजे पकड, ताबा. जमिनीचा कब्जा म्हणतो ना, तोच शब्द.

'जुलाब' या शब्दाची गंमत तर आणखी वेगळी. फारसीतला 'गुलाब' म्हणजे गुलाबपाणी. अरबीत त्याचा उच्चार 'जुलाब' झाला, गुलाबाच्या गोड सरबताला तो नाव म्हणून चिकटला, आणि पुढे हकिमांनी पोट साफ करायला दिलेल्या औषधाला तो लागला. आपल्यापर्यंत येईतो त्याचा सुगंध पार उडून गेला! इसबगोल हाही फारसी शब्द, 'अस्प' म्हणजे घोडा आणि 'गोल' म्हणजे कान. बी घोड्याच्या कानासारखे दिसते म्हणून हे नाव. सोनामुखीचे मूळ नाव सना-मक्की, म्हणजे मक्केची सना. आणि हकिमांकडचे 'इत्रिफल' हे दुसरेतिसरे काही नसून आपला त्रिफळाच. हिरडा, बेहडा, आवळा यांची ही जोडी अरबस्तानात गेली, तिथे नाव बदलले, आणि युनानी औषध होऊन परत आली. वैद्य आणि हकीम एकाच गल्लीत बसत आणि निम्मी औषधे एकच देत. पुढे नांदेडला शासनाची जी रसशाळा निघाली, ती आयुर्वेद आणि युनानी अशा दोन्ही औषधांची. मराठवाड्याच्या इतिहासाला हे शोभूनच दिसते.

घरातला कारभार मात्र आजीच्या हाती. तान्ह्या बाळाला घुटीत बाळहिरडा उगाळून. मोठ्यांना बहाव्याच्या शेंगेचा गर, भिजवलेल्या मनुका, रात्री दुधात तूप. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे एरंडेल. पोरांचे नाक दाबून, हातपाय धरून ते पाजले जाई. पोटदुखी असो, ताप असो, अंगावर फोड असोत, आधी एरंडेल. "आधी पोट साफ होऊ दे, मग बघू" हे आजीचे वैद्यकशास्त्र होते.

आपल्याकडच्या आज्या कठोर होत्या असे वाटत असेल, तर त्या काळचा युरोप पाहावा. अठराव्या शतकात तिथले नामांकित डॉक्टर आजाऱ्याची शीर कापून रक्त काढत आणि पाऱ्याचे क्षार देऊन रेचावर रेच करवत. रोगापेक्षा उपचारानेच माणूस खचायचा. या प्रकाराला वैतागलेला एक जर्मन डॉक्टर म्हणजे सॅम्युएल हानेमान. जन्म १७५५ चा. डॉक्टरकी बाजूला ठेवून तो भाषांतरावर पोट भरू लागला. १७९० मध्ये एका इंग्रजी औषधग्रंथाचे भाषांतर करताना त्याने सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली आणि आपल्याला हिवतापासारखी लक्षणे दिसली असे नोंदवले. त्यातून 'समाला सम बरे करते' हा त्याचा सिद्धांत निघाला. १८१० मध्ये त्याचा 'ऑर्गनॉन' हा ग्रंथ आला.

आपल्या विषयातलेच उदाहरण घ्या. अफू खाणाऱ्याचे पोट बांधले जाते, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत होते. तर होमिओपॅथ म्हणणार, ज्याला शौचाची भावनाच होत नाही त्याला अफूच द्या, पण अत्यंत विरळ करून. वारंवार जावेसे वाटते पण पोट मोकळे होत नाही, बैठे काम, जागरण, चहा-कॉफी भरपूर, अशा माणसाला नक्स व्होमिका, म्हणजे आपला काजरा. मळ कोरडा, कठीण आणि तहान फार, तर ब्रायोनिया. मळ मऊ असूनही जोर करावा लागतो, तर अ‍ॅल्युमिना. पोटात वायू धरतो आणि परगावी गेले की पोट अडते, तर लायकोपोडियम. एकाच तक्रारीला माणसागणिक वेगळे औषध.

ही पद्धती हिंदुस्थानात लवकर आली. १८३९ मध्ये होनिगबर्गर नावाच्या डॉक्टरने लाहोरला महाराजा रणजितसिंहांवर उपचार केले. कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार आधी होमिओपॅथीचे टीकाकार होते. १८६७ मध्ये त्यांनी जाहीरपणे तिचा पुरस्कार केला. ईश्वरचंद्र विद्यासागर म्हातारपणी कर्माटारला राहायला गेले, तेव्हा तिथल्या संथाळांना ते स्वतः होमिओपॅथीची औषधे देत. शिक्षकाच्या घरी औषधाची पेटी असण्याची परंपरा अशी जुनी आहे. इकडे मुंबई राज्यात १९५९ मध्ये होमिओपॅथी आणि बाराक्षार व्यवसायींसाठी कायदा झाला, १९७३ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि २०२० मध्ये त्याची जागा राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने घेतली.

माझ्या तरुणपणी नांदेडला शिक्षक, पोस्टमास्तर, कोर्टातले कारकून यांच्या घरी बाराक्षारांच्या बाटल्यांची लाकडी पेटी हटकून असायची. आमच्या एका मामांकडेही होती. आणि वजिराबाद भागात संध्याकाळी बसणारे एक वयस्क होमिओपॅथ होते. त्यांच्याकडे मी आईला घेऊन जात असे. आईला हा त्रास वर्षानुवर्षांचा. त्यांनी नाडीही पाहिली नाही, पोटही दाबले नाही. वहीत लिहित ते विचारत राहिले. पहाटे किती वाजता उठता? तहान लागते का? पाणी किती पिता? भूक केव्हा लागते? स्वभाव कसा, राग येतो की रडू? शौचाला कुठे जाता? केव्हा जाता? वाटेल तेव्हा जाता येतं का?

शेवटच्या प्रश्नावर आई गप्प झाली. मग खाली मान घालून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आपल्याला वाटून काय करायचं? अंधार पडल्याबिगर कसं जाणार?"

त्यांनी गोळ्या दिल्या. साबुदाण्यासारख्या, गोड. बरोबर सांगितले की रोज एकाच वेळी बसायचे, घाई करायची नाही, जेवणात पालेभाजी हवीच, पाणी वाढवायचे. आईला बरे वाटले का? बरेच वाटले. कशाने वाटले?

एका भाचीने मला मध्यंतरी हेच विचारले होते, "मावशी, त्या गोळ्यांनी खरंच फरक पडतो का गं?" मी जे वाचले आहे ते सरळ सांगते. होमिओपॅथीत तीस शक्तीचे औषध म्हणजे एकास शंभर या प्रमाणात तीस वेळा विरळ केलेले. रसायनशास्त्राच्या हिशेबाने बाराव्या पायरीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूसुद्धा शिल्लक राहण्याची शक्यता नगण्य होते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये आधीच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा असलेला एकही आजार आढळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हा गोळीने कोठा सुटला असे इतिहासाच्या शिक्षिकेने म्हणणे बरोबर नाही. पण त्या वहीतल्या प्रश्नांचे काय? पोट साफ होण्यासाठी त्यांनी सांगितलेल्या चार गोष्टींचे काय? हानेमानच्या काळातही असेच झाले असावे. जिथे बाकीचे डॉक्टर रक्त काढत आणि पारा पाजत होते, तिथे काहीही अपाय न करणारा आणि तासभर ऐकून घेणारा डॉक्टर रोग्याला देवच वाटणार.

गांधीजींचीही हीच दुखरी बाजू होती. आत्मकथेत त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या बद्धकोष्ठाबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. जर्मनीतल्या लुई कुन्हेचे कटिस्नान त्यांनी करून पाहिले, थोडा आराम पडला. मग अ‍ॅडॉल्फ जुस्टचे पुस्तक हाती आले आणि ओल्या मातीची पट्टी पोटावर बांधून ते झोपू लागले. त्याने आपण बरे झालो असे ते सांगतात. त्यांच्या आहारातले प्रयोग आणि रोजचे चालणे लक्षात घेतले, तर सगळे श्रेय मातीला द्यावे की नाही हा प्रश्न उरतोच. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत त्यांनी 'आरोग्याची गुरुकिल्ली' लिहिली आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. आमच्या पिढीतले अनेक शिक्षक तिथे आठ-दहा दिवस राहून आले. येताना ते मातीच्या पट्टीचे गुणगान करत, आणि हळूच हेही सांगत की तिथे चहा नव्हता, तळलेले नव्हते आणि पहाटे चालावे लागे!

याच सुमारास पाश्चात्त्य देशांत पोटाच्या भीतीने टोक गाठले होते. आतड्यात मळ साठला की त्याचे विष सगळ्या अंगात भिनते, अशी कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे जोरात होती. लंडनचे नामांकित सर्जन आर्बुथनॉट लेन तर बद्धकोष्ठासाठी मोठे आतडेच कापून काढत. १९१९ मध्ये वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन डॉक्टरने ही विषाची कल्पना खोडून काढली. डोके जड होणे, सुस्ती येणे हे आतडे ताणले गेल्यामुळे होते, विषामुळे नाही, असे त्यांचे म्हणणे. आजही "शरीरातले विष बाहेर काढा" अशा जाहिराती दिसतात तेव्हा मला शंभर वर्षांपूर्वीचे हे प्रकरण आठवते.

नंतर आले डेनिस बर्किट. युगांडात शस्त्रक्रिया करणारा हा डॉक्टर आणि त्याचे सहकारी यांनी १९७२ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. खेड्यातल्या आफ्रिकी माणसाच्या पोटातून अन्न साधारण दीड दिवसात बाहेर पडते आणि ब्रिटिश माणसाला त्याच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो, असे त्यांना दिसले. फरक चोथ्याचा, म्हणजे आपण ज्याला आता फायबर म्हणतो त्याचा.

१९७२! आमच्याकडे त्या साली काय चालू होते? दुष्काळ. ज्वारी गेली, रेशनवर परदेशी लाल मिलो आली, खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळाली. त्यानंतर हळूहळू ताटच बदलले. भाकरीची जागा चपातीने आणि भाताने घेतली. रानात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. लोक म्हणतात, भाकरी गेली म्हणून पोटे बिघडली. यात थोडे खरे, थोडे आठवणींचे प्रेम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा आहे आणि तेवढ्याच गव्हाच्या आट्यात ११. पांढऱ्या तांदळात मात्र तीनही नाही. म्हणजे दोष चपातीचा नाही. भाताचा ढीग, मैद्याची बिस्किटे, पाव, आणि ताटातून गेलेली अंबाडी, तांदुळजा, वालाच्या शेंगा, मोडाची मटकी यांचा तो परिणाम आहे. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान २५ ग्रॅम चोथा खावा म्हणते. हिशेब करून पाहा, चहा-बिस्किटांनी तो भरत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

चरकसंहितेत तेरा वेग सांगितले आहेत, जे अडवू नयेत. शौचाचा वेग त्यात अगदी वरच्या क्रमांकावर आहे. वाग्भटही सांगतो की वेग बळेच आणू नये आणि आलेला दाबू नये. आधुनिक शास्त्र वेगळे काही सांगत नाही. सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर मोठे आतडे आपोआप हलते. तेव्हा येणारी भावना दाबली तर मळ परत साठतो, आतडे त्यातले पाणी शोषून घेते, मळ कठीण होतो. रोज असे केले तर पुढे भावनाच मंदावते. दोन हजार वर्षांपूर्वीचे वैद्य आणि आजचे पोटाचे डॉक्टर यांचे या एका बाबतीत एकमत आहे.

पण हा नियम पाळणे कोणाला शक्य होते? पुरुष टमरेल घेऊन उजेडी ओढ्याकडे जात. बायका पहाटे तांबडे फुटायच्या आत, नाहीतर रात्री दिवेलागणीनंतर. मधल्या बारा-चौदा तासांत भावना झाली तर दाबायची. जायला लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचे, रात्री दोन घास कमी खायचे. हागणदारीच्या वाटेवर मोटारीचा दिवा अंगावर पडला की उठून उभे राहायचे. गरोदरपणी हेच, बाळंतपणात हेच, पावसाळ्यात चिखलात हेच. सासरी नवी आलेली सून तर कोणाला सांगणारही नाही. आणि तिला कोठा जड झाल्याचा त्रास झाला की घरातल्या पुरुषांच्या लेखी ती "कुरकुरी".

मी ज्या खेड्यातल्या शाळेत पहिली काही वर्षे शिकवले, तिथे शिक्षिकांसाठी किंवा मुलींसाठी आडोसा नव्हता. आम्ही दोघी बाया सकाळी चहासुद्धा घेत नसू. सातवीतल्या मुली दुपारी "बाई, पोटात दुखतंय" म्हणून घरी जायला मागत आणि त्यातल्या काही परत शाळेत आल्याच नाहीत. हजेरीपटावर त्याचे कारण 'घरगुती' असे लिहिले जाई.

कोणत्याही वैद्याच्या, हकिमाच्या किंवा होमिओपॅथच्या पेटीत याचे औषध नव्हते. औषध आडोशाचे होते. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन ते आयुष्यभर सांगितले. २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, गावोगावी स्पर्धा लागली, पुढे पहाटे शिट्ट्या वाजवणारी 'गुड मॉर्निंग' पथकेही आली. तरी २०११ च्या जनगणनेत ग्रामीण महाराष्ट्रातल्या दर दहांपैकी सहा घरांत शौचालय नव्हते. २०१४ ला स्वच्छ भारत मोहीम आली आणि २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. जाहीर होणे आणि होणे यात अंतर असते. शौचालय बांधले तरी पाणी लागते, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या दिवसांत नळाऐवजी टँकरची वाट पाहणाऱ्या घरांत पुन्हा बायकांनीच पाणी पिणे कमी केले, हे मी नात्यातल्या घरांत पाहिले आहे. असे असले तरी खूप बदल झाला, हे मान्य केले पाहिजे. आज आमच्या गावाकडच्या सुना दिवसा, दार लावून, निवांत जाऊ शकतात. मराठवाड्याच्या बायकांच्या पोटासाठी गेल्या शंभर वर्षांत याहून मोठा उपचार झालेला नाही.

नव्या पिढीचा कब्ज वेगळा आहे. 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने आलेली गावोगावची मुले-मुली खोल्या घेऊन राहतात. सकाळी क्लासची घाई, एका संडासापुढे आठ जणांची रांग, न्याहारीला वडापाव, दिवसभर बसणे, रात्री जागरण. घर सुटले की पोट अडते, हे लायकोपोडियमचे लक्षण म्हणून पूर्वी वाचले होते. आता ते मुलांच्या चेहऱ्यावर वाचता येते. त्यांना मी एवढेच सांगते की क्लासला पाच मिनिटे उशीर झाला तरी चालेल, पण आलेली भावना दाबू नका.

आणि आपल्या वयाच्या मंडळींसाठी थोडेसे. सकाळचा चहा-नाश्ता झाला की रोज ठरावीक वेळी बसावे, जोर करू नये, मोबाईल बाहेर ठेवावा. खुर्चीच्या संडासावर पायाखाली लाकडी पाट घेतला की गुडघे वर येतात आणि बसणे सोपे होते. चोथा एकदम नाही, हळूहळू वाढवावा. इसबगोल घेतला तर पाणी भरपूर हवे, नाहीतर तोच घट्ट होऊन बसतो. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, रक्तदाबाच्या आणि वेदनाशामक काही गोळ्या यांनीही पोट अडते. थायरॉइडचेही एक कारण असते. आणि पन्नाशीनंतर पोटाची सवय एकाएकी बदलली, मळातून रक्त गेले, वजन उतरू लागले किंवा पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, तर त्रिफळा नको, साबुदाण्याच्या गोळ्याही नकोत. तपासणी करून घ्यावी. लाजेपायी उशीर झालेली दोन माणसे आमच्या नात्यात होती, म्हणून हे जरा ठासून लिहिते.

इतका सगळा इतिहास चाळल्यावर मला वाटते, औषधे बदलत गेली तरी खरी गरज फारशी बदलली नाही. वेळेवर जेवण, ताटात भाजी, पुरेसे पाणी, थोडे चालणे, आणि हवे तेव्हा निर्धास्त बसता येईल अशी जागा. पहिल्या चार गोष्टी पुस्तकात सापडतात. पाचवी घरातल्या आणि गावातल्या माणसांनी द्यायची असते. वजिराबादचे ते डॉक्टर आता नाहीत, पण त्यांचा प्रश्न विचारायला डॉक्टर असण्याची गरज नाही. घरात आजी असेल, सून असेल, वसतिगृहातून सुट्टीला आलेली मुलगी असेल, तर लाज बाजूला ठेवून तिला विचारा, वाटेल तेव्हा जाता येतं का?